बैठकीतलं जू

लग्नानंतरची चार वर्षं माझे सासरे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. भांडण काही नव्हतं. मेहकरातल्या आमच्या घराची रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही आणि सासऱ्यांनी सुनेशी. मधे कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा सासूबाई असत. त्या नसल्या की सासरे दाराच्या चौकटीला सांगत, "आज वरणात मीठ जास्त झालं." मी चुलीला सांगे, "उद्या बेतानं पडेल." चौकट आणि चूल दोघीही समजूतदार होत्या, त्यामुळे काम चालून जाई.

मग मांजर आली आणि आम्हा दोघांची मोठीच सोय झाली.

ती माझ्या माहेरची, बीबी गावची. दुसऱ्या दिवाळीला मी तिला टोपलीत घालून, वर फडकं बांधून, एस.टी.नं मेहकरला आणली. कंडक्टरनं विचारलं, "टोपल्यात काय हाये बाई?" मी म्हटलं, "अनारसे." पुढच्या थांब्यापर्यंत अनारसे दोनदा ओरडले. कंडक्टर भला माणूस होता, तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

आमच्या मागच्या खोलीत सरकीची पोती असत आणि पोत्यांत उंदीर. मांजरीनं महिनाभरात उंदरांना बिऱ्हाड हलवायला लावलं. सासरे तिच्याकडे पाहून म्हणाले, "कामाची हाये." हे तिला म्हटलं होतं की तिला आणणारीला, ते मी विचारलं नाही. विचारणार कोणाला?

दोन वर्षं सुखात गेली. मग घरात कोच आला.

सासरे तहसिलीतून पेन्शनीवर आले होते. शेतीची हौस होती, पण बैठक साहेबाची हवी होती. खामगावहून हिरव्या रेग्झिनचा, पितळी खिळ्यांचा कोच एस.टी.च्या टपावर बसून आला. आमच्या गल्लीतला तो पहिला. आठ दिवस लोक बघायला येत, हात लावून बघत, आणि खाली सतरंजीवर बसत. कोचावर फक्त सासरे बसत, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे, पाठ ताठ. आणि दुपारी ते आत झोपायला गेले की मांजर बसे.

नवव्या दिवशी कोचाच्या डाव्या हातावर चार ओरखडे निघाले. इतके सरळ की पट्टी लावून ओढावेत.

सासऱ्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "मांजरीले सांगा, हे शेवटचं."

मांजरीला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सहा होते.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या संध्याकाळच्या गप्पांत ढोरांच्या दवाखान्यातला एक कंपाउंडर येऊन बसला. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "नखं मुळापासून काढून टाकू. एक डाव केलं का जलमाची कटकट मिटली." सासऱ्यांना पटलं. बैलांची शिंगं तासतात, खुरं कापतात, बैलाला त्याचं काही नसतं. मग मांजरीला काय झालं? मी दाराआड उभी होते. बोलायची सोय नव्हती. मी मांजरीला उचलून तिच्या कानात, पण बैठकीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "बाई गं, आपण उद्या बीबीला जाऊ. तू पण आणि मी पण."

सासरे कोचाला म्हणाले, "आधी नालबंदाले विचारू. त्याले जनावराच्या पायातलं जास्त कळते."

नालबंद तसाही दोन दिवसांनी येणारच होता. ज्वारी घरी आणायची होती, गाडीच्या बैलांना नाल मारायचे होते. म्हातारा, दाढीला मेंदी, अंगणात बैल आडवा पाडून पाय बांधून बसला की त्याला दुसरं काही दिसत नसे. बैल उठून उभे राहिल्यावर सासऱ्यांनी मांजर त्याच्या मांडीवर ठेववली.

"हिची नखं मुळातून काढाची हायेत. तू काढशील का कंपाउंडरले बोलावू?"

नालबंदानं तिचा पंजा दोन बोटांत धरून हळूच दाबला. आतून नख बाहेर आलं. त्यानं ते उजेडाकडे धरलं, मग दुसरं, मग तिसरं. मांजर त्याच्या मेंदीच्या दाढीकडे बघत राहिली.

"मालक, खूर म्हंजे बैलाची चप्पल. थोडी कापली तरी फिकीर नाई. हे चप्पल नोहे, हे बोट हाये."

"म्हंजे?"

"हात द्या."

सासऱ्यांनी हात दिला. नालबंदानं त्यांचं पहिलं बोट धरलं आणि खूर कापायच्या सुरीची बोथट बाजू शेवटच्या पेरावर टेकवली. "नख मुळातून काढाचं म्हंजे इथून कापा लागते. हे पेर गेलं. असे सगळे. आणि मालक, आपुन तळव्यावर चालतो, हे बोटावर चालते. मंग तिनं चालाचं कशावर? सांगा, कोनापासून सुरू करू, तिच्यापासून का तुमच्यापासून?"

सासऱ्यांनी हात काढून घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. तो संध्याकाळपर्यंत तिथंच होता.

"मंग माझ्या कोचाचं काय?"

"बैल मान खुंटाले कायले घासते? मस्ती आली म्हनून? खाजते म्हनून घासते. हिलेही घासा लागते, जुनी साल निघाले पाह्यजे, अंग ताना लागते. खुंट नाई दिला त कोच घेईल. तिले तिचा खुंट द्या." मग दाराकडे मान वळवून मोठ्यानं म्हणाला, "आणि बेटी, ऐकून राह्यली ना? पंजा असा दाबाचा. आत लाल दिसते, तिथं हात लावाचा नाई. पुढचं पांढरं टोक तेवढं छोट्या कैचीनं. पंधरा दिवसांनी एक डाव."

"हाव," दार म्हणालं.

सासऱ्यांनी मुदत दिली, सासूबाईंमार्फत. तीन आठवड्यांनी माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते. त्या दिवशी पाहुण्यांसमोर कोचावर एक जरी नवा ओरखडा उठला तर कंपाउंडर येईल, मग बोट असो की चप्पल असो.

खुंट त्यांनीच रोवून दिला. बाभळीचा, गोठ्यात, बैलांच्या शेजारी, कारण खुंट गोठ्यातच असतो. मांजरीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला बैलांचं काही वाकडं नव्हतं, पण ती गोठ्यात राहत नव्हती, कोचावर राहत होती. मी कडेवर घेऊन तिला रोज गोठ्यात नेई. ती खुंटाचा वास घेई आणि माझ्या आधी घरात पोचे.

नखांची टोकं मी रविवारी कापू लागले. शनिवारी नाही, सासूबाई शनिवारी घरात कोणाचीच नखं कापू देत नसत, मांजरीचीही नाही. झोपेला आली की मांडीवर घ्यायची, दोन नखं झाली की बोटावर साय. पहिल्या रविवारी दोनच झाली. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच पंजा पुढे करू लागली, सायीसाठी. त्यानं ओरखडे उथळ झाले, पण थांबले नाहीत.

सासूबाईंनी आपली विद्या आणली. त्यांनी पाहिलं होतं की त्या संत्रं सोलायला बसल्या की मांजर उठून जाते. त्यांनी कोचाच्या हातांना साली चोळल्या, फटींत खोचल्या. मांजर डाव्या हातावरून उठून पाठीकडे गेली. गल्लीतले लोक मात्र नाक वर करून म्हणू लागले, "वा, नागपूरहून पाहुणे आले काय?"

पाहुणे यायला पाच दिवस राहिले. मी दुसरं काही करू शकत नव्हते, म्हणून मांजरीकडे बघत बसले. तेव्हा दिसलं. ती रागानं नखं मारत नव्हती, उंदीर पाहून मारत नव्हती. झोपेतून उठली, पाठ ताणली, की समोर जे उभं दिसेल ते धरायची. उठायची बैठकीत, आणि खुंट गोठ्यात! आपण तरी जांभई द्यायला अंगण ओलांडून गेलो असतो का?

गोठ्याच्या मागे एक मोडकं जू पडलं होतं, सरपणात जायचं. मी त्याचा धड तुकडा घेतला आणि त्याला अंबाडीचा दोर घट्ट गुंडाळला. पण ते नुसतं उभं केलं तर आडवं होई, आणि एकदा अंगावर पडलेलं लाकूड मांजर पुन्हा जवळ करत नाही. सासूबाई म्हणाल्या, "ते लहानं उखळ हाये ना, त्यात ठोक." भर दुपारी, सासरे घोरत असताना, आम्ही सासू-सुनेनं दगडी उखळ गडगडत बैठकीत आणलं, त्यात जू उभं केलं, पाचरी मारल्या. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता, हसू बाहेर पडू नये म्हणून.

आता मांजरीला हे कळायला हवं. मी जुवापुढे गुडघे टेकले आणि दोन्ही हातांची नखं दोरावर ओढली. खर्र, खर्र. मांजर कोचावरून बघत होती. मी आणखी जोरात ओढली, मान वर करून, अगदी मनापासून. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

आणि मागे सासरे उभे होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उखळाकडे, जुवाकडे पाहिलं. मग छताला म्हणाले, "या घरात मांजरी किती हायेत, कोनी मोजल्या काय?"

सासूबाई आत पळाल्या. मी पदर डोक्यावर ओढला. तेवढ्यात मांजर उतरली, शेजारी आली आणि तिनं जुवावर दोन्ही पंजे ठेवून जी नखं ओढली, त्यापुढे माझं काम कच्चं होतं.

"जुवाले पोळ्याले कुंकू लावतो आपुन," सासरे म्हणाले.

"मोडलेलं होतं. चुलीत गेलं असतं," मी मांजरीला सांगितलं.

त्यांनी ते बाहेर काढायला सांगितलं नाही, हेही मांजरीनंच नीट समजून घेतलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील जानेफळकडचे शेतकरी. सासऱ्यांनी त्यांना कोचावर बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि कोचाच्या डाव्या हाताशी मांजर, झोपलेली. पोहे झाले, चहा झाला, नणंद येऊन गेली. तेव्हा मांजर उठली. मी पडद्याआडून पाहत होते, नखं स्वतःच्याच तळहातात रुतवून. तिनं पाठ ताणली. उजवा पंजा उचलून कोचाच्या हाताकडे नेला. संत्र्याच्या सालीचा वास आला असावा, पंजा हवेतच राहिला. मग ती खाली उतरली आणि जुवाकडे गेली. खर्र, खर्र, खर्र.

"हे काय हो?" पाहुणे म्हणाले. "बैठकीत जू?"

सासरे घसा साफ करून सरसावले. "आमच्याकडं मांजरीले तिचा खुंट देतात. काही लोक नखं मुळातून काढतात म्हने. शहाणपन नाई त्यात. हात द्या बरं तुमचा." आणि त्यांनी पाहुण्यांचं बोट धरून शेवटच्या पेरावर नख टेकवलं.

ती सोयरीक जमली नाही. पत्रिकेचं कारण सांगितलं गेलं. कंपाउंडर मात्र आमच्या गप्पांत पुन्हा बसलेला मी पाहिला नाही.

पोळ्याच्या आधल्या दिवशी जुवावरचा दोर पार उसवून लोंबत होता. दुपारी सासरे बाजारातून आले, हातात अंबाडीच्या दोराचं नवं वेटोळं. सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. मांजर सरकीच्या खोलीत होती. ते बैठकीत जुवापाशी बसले, दोराचं टोक जुवाला लावलं आणि ओढू लागले. एका हातानं टोक धरलं की दुसरा पुरेना. दोर निसटला, पुन्हा निसटला. त्यांनी चौकटीकडे पाहिलं. चौकट तशीच उभी होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "धर हे टोक."