वेशीवरचा म्हातारा आणि माझी चिमी

माझी ही फजिती दुसऱ्या कुणी सांगितली तर मी त्याची खैर ठेवणार नाही, म्हणून मीच सांगते. कपातला चहा संपेपर्यंत हसायचं नाही. नंतर हवं तेवढं हसा.

मी तेर गावची. शाळेची पायरी चढले नाही. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, शिवायला शिकले ती जुने झंपर उसवून. शिलाई मशीन बिघडलं तर तेही माझं मीच खोलते. कुणाला "हे कसं करायचं?" म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणतात, म्हातारीला लई गर्व. आहे ना. कमावलाय तो.

तर पाडव्याला माझी नात प्राजक्ता पुण्याहून आली. ती तिथं जपानी शिकते. जुन्या बाजारातून तिनं टीव्हीला जोडायचं एक खेळाचं यंत्र आणलं होतं. म्हणाली, हा खेळ जपानच्या बाहेर कधी विकलाच नाही, सगळं जपानीत आहे. यात एक मुलगी असते, तिला आपण चालवायचं, लोकांशी बोलायचं, गोष्ट पुढं न्यायची. "मी वाचून दाखवू, आजी?"

"काही गरज नाही. माझं मी बघते."

"अगं, भाषा आहे ती. पुडीवरचं मराठी नाही."

झालं! शेजारची शमीमबी तिथंच बसलेली. तिच्यासमोर मी बोलून गेले, की दसऱ्यापर्यंत अख्खी गोष्ट कुणाला न विचारता उलगडून दाखवीन. नाही जमलं तर नातीपुढं पाटी घेऊन बसेन.

पण खरं सांगू? पैज राहिली बाजूला, त्या गावानंच मला ओढून नेलं. कौलारू दहा-बारा घरं, मधून ओढा, पाण्यात निळ्याच्या चार छटा एकीमागून एक सरकणाऱ्या. आभाळ कायम दिवेलागणीचं. बासरीसारखी एक धून, कुठं संपते आणि कुठं सुरू होते ते कळायचंच नाही. बाहेर तेरचं ऊन रटरटत असायचं आणि मी लाल ओढणीच्या त्या बोटभर पोरीला घेऊन ओढ्याकाठी. तिचं नाव चिमी ठेवलं. कधीकधी तिला नुसतीच उभी करायचे, पाण्याकडं तोंड करून. दोघी बघत बसायचो. जे आपल्यासाठी केलेलंच नाही, जिथं आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, ते हळूच बघण्यात काय गोडी असते, ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं. वाटेनं जाताना परक्याच्या खिडकीत दिवा दिसतो ना, तसं.

गावातला प्रत्येक माणूस रोज तेच एक वाक्य बोलायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं तरी दुसरं काय होतं?

गोष्टही उलगडली. चिमी सासुरवाशीण. वेशीपलीकडं डोंगर दिसतो, तिथं तिचं माहेर. विहिरीवरची बाई म्हणजे खाष्ट जाऊ. दुपारी कामं आटोपली की शमीमबी यायची, तिच्यामागनं गल्लीतल्या आणखी चौघी. मी चिमीला चालवायचे आणि कोण काय म्हणतंय ते सांगायचे. बायका तल्लीन.

अडचण एकच, वेशीवरचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा. चिमी तिथं पोचली की हा आडवा. काहीतरी बोलायचा आणि शेवटी प्रश्नचिन्ह. जपानी येत नसलं तरी प्रश्नचिन्ह मला कळतं. निघालेल्या बाईला वेशीवरचा माणूस दुसरं काय विचारणार? "कुठं निघालीस?"

आता तुम्हीच सांगा, निघालेल्याला कुठं म्हणून विचारतात का? विचारलंच तर माघारी यायचं, पायातलं काढायचं, घोटभर पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं आणि नव्यानं निघायचं. नाहीतर काम होत नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नाखाली उत्तराचे दोन शब्द यायचे, पण अशाला उत्तर कशाला द्यायचं? मी बटण दाबून त्याला गप्प करायचे आणि चिमीला घरी आणायचे. कोपऱ्यात माठ होता, त्याच्याशी उभं राहून बटण दाबलं की बुडबुड वाजायचं. पाणी पिऊन झालं. घटकाभर बसायचो. पुन्हा वेस, पुन्हा म्हातारा, पुन्हा तेच.

पंचमी आली. गावच्या लेकी माहेरी आल्या, चिमी अडकलेलीच. शमीमबीनं डोळ्याला पदर लावला. "मावशी, मागच्या वाटेनं काढा की पोरीला." मागची वाट नव्हतीच. सगळं गाव मी भिंतीभिंतीनं हुडकलं होतं.

नवरात्रात प्राजक्ता तुळजापूरच्या दर्शनाला म्हणून आली. पाचही जणी माझ्याकडं हजर. मी गोष्ट रंगवून सांगितली, चिमीला वेशीवर नेलं, म्हातारा आडवा आला. मी म्हणाले, "हा बघ मेला. सहा महिने अपशकुन करतोय."

प्राजक्तानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजी, तो विचारतोय, 'तयारी झाली? निघायचं का?' खाली उत्तरं आहेत, जायचं की नाही ते."

मग तिनं विहिरीकडं बोट केलं.

"आणि खेळणारे लोक या गावात दहाच मिनिटं थांबतात. खेळ पुढं सुरू होतो. ती विहिरीवरची बाई तिची आई आहे."

शमीमबीनं माझ्याकडं असं बघितलं, की म्हातारा परवडला. सहा महिने पोरीला मीच कोंडली होती, तीही तिच्या माहेरात!

"दसरा अजून उजाडायचाय," मी म्हणाले. नाक वर ठेवून म्हणाले.

प्राजक्तानं बटण दाबलं. म्हातारा बाजूला झाला, चिमी बाहेर पडली. आणि काय सांगू, नुसतं गवत. वाऱ्यानं लाटा उठणारं, पार आभाळापर्यंत. लांबवर समुद्राची रेघ. धूनही बदलली, मोठी झाली. आम्ही सात बायका श्वास रोखून.

चिमी तीन पावलं चालली. गवतातून सशासारखं गुबगुबीत काहीतरी आलं. "किती ग्वाड हाय!" शमीमबी म्हणाली. मी प्राजक्ताच्या हातातून बटणांची डबी घेतली, त्याला कुरवाळायला चिमीला थांबवलं. त्यानं चार धडका दिल्या आणि चिमी आडवी.

"तलवार कुठं आहे तुझी?" प्राजक्ता ओरडली. "शेजारच्या घरातल्या पेटीत असते!"

दुसऱ्याच्या घरातली पेटी मी कशाला उघडेन?

पडदा काळा झाला. उजाडला तर चिमी परत वेशीवर आणि पुढ्यात तोच म्हातारा. बोलला. प्रश्नचिन्ह.

"आता काय म्हणतोय ह्यो?" शमीमबीनं विचारलं.

प्राजक्ता तोंडावर हात दाबून हसत होती. "म्हणतोय, 'एवढ्यात आलीस परत? पुन्हा जायचं का?'"

खाली ते दोन शब्द. सहा महिने रोज बघितलेले. पाचही जणी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी चष्मा पुसला, परत घातला आणि प्राजक्ताच्या जवळ सरकले.

"दाखव गं," मी म्हणाले, "यातलं 'होय' कुठलं?"