तस्त आणि रोजचा शब्द

मैंदर्गीहून लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा माझं मराठी कानडीला तोंडी लावण्यापुरतंच होतं. मामंजी निवृत्त मास्तर. शाळा सुटली, पण शिकवायची खाज गेली नव्हती. रोज सकाळी चहाबरोबर ते मला एक नवा शब्द द्यायचे आणि तो वाक्यात वापरून दाखवायला लावायचे. वाक्य पुस्तकी नको, घरातलं हवं, आणि खरं हवं. खोटं वाक्य म्हणजे चुकलेलं वाक्य, हा त्यांचा नियम.

ही विद्या देणारं तोंड मात्र सदा तंबाखूनं भरलेलं. पलंगाशेजारी त्यांचं थुंकायचं पितळी तस्त असे आणि ते सुनेनं धुवायचं, अशी त्या घरची रीत. काय सांगू त्या तस्ताचं! काळं, तार सुटलेलं, हलवलं की थुलथुलणारं. एक झुरळ नुसतं काठावर आलं, आत डोकावलं आणि तिथंच उताणं झालं. चिंच लावून घासलं तरी वास माझ्या बोटांना, बोटांचा भाकरीला. गल्लीतली कुत्रीसुद्धा मला वळसा घालून जायची.

श्रावण लागला. पंचमीला न्यायला भाऊ येऊन बसला. मामंजींनी अट घातली, आजचं वाक्य बरोबर आलं तर जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि शब्द दिला, 'किळस'.

सासूबाईंनी हळूच सुचवलं, पालीचं सांग. पण घरात पाल कुठली? त्या वासानं सगळ्या पाली केव्हाच गाव सोडून वैरागला गेल्या असतील. मी पदर सावरला, मान खाली घातली.

"मामंजींचं तस्त धुताना मला रोज किळस येते."

सासूबाईंची बशी हातातच राहिली. भाऊ वर बघत छपराचे पत्रे मोजू लागला. मामंजींनी तोंडातला ऐवज या गालातून त्या गालात नेला, वाक्य मनातल्या मनात तपासलं.

"बरोबर. जा."

पंचमी करून परत आले तर तस्त तिथंच, काठोकाठ, वर साय धरलेलं. धुणारी सून घरात नव्हती ना! माहेरच्या लाह्या घशाशी आल्या.

"आजचा शब्द, प्रतीक्षा," मामंजी म्हणाले.

"तस्त माझी प्रतीक्षा करत होतं."

"बरोबर की, सूनबाई," ते खूश होऊन म्हणाले, आणि त्यातच थुंकले.