मायाचं पान

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या गोपशेठच्या कारखान्यात माया भालेराव बारा वर्षं एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवत होती. डिझाइन कॉम्प्युटरवर तयार करायचं, फ्लॉपीत घ्यायचं आणि फ्लॉपी मशीनला द्यायची. मशीन आधी खर्र खर्र करायचं, मग सुया धावू लागायच्या. ती खरखर ऐकली की मायाला घरचं कुणीतरी बोलल्यासारखं वाटे. तिची एक शिस्त होती. नव्या डिझाइनचा पहिला नमुना चिंधीवर काढायचा आणि त्याच चिंधीत फ्लॉपी गुंडाळून आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

२००९ साली शेठने पेन ड्राइव्हवर चालणारी मशीनं मागवली. शेवटचं जुनं मशीन शनिवारी भंगारात जाणार होतं आणि नवी सुरू व्हायला अजून आठवडा होता. मायाचा जीव टांगणीला लागला. रविवारी विहारात लेकीचं, संध्याचं लग्न. तिच्या पांढऱ्या साडीच्या पदरावर आजोबांचं पिंपळपान यायला हवं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत आयुष्य घालवलेल्या बुधाजींनी, मायाच्या वडिलांनी, ते एका सुट्टीत कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढलं होतं. मायाने त्याचं डिझाइन केलं, तेव्हा फ्लॉपीवरच्या कागदावर त्यांनीच निळ्या पेनाने लिहिलं, ‘मायाचं पान’. सालभरात ते गेले. कॅलेंडर कधीच रद्दीत गेलं होतं. उरली होती ती फ्लॉपी.

शुक्रवारी दुपारी मायाने ती मशीनला दिली. खर्र झालं आणि सगळं गप्प. पुन्हा दिली. फ्लॉपी कोरी!

नवा डिझाइनर विक्रांत बघायला आला. मायाचा डबा उघडताच त्याने कपाळावर हात मारला. तुटलेल्या सुया गोळा करायचं लोहचुंबकही त्यातच होतं, त्यानेच फ्लॉपी पुसली होती. हरवू नयेत म्हणून बाईंनी दोन्ही जपण्याच्या वस्तू एकत्र ठेवल्या होत्या!

“काय मावशी! मांजराला दुधाच्या राखणीला बसवलंत?”

मायाला रडूच कोसळलं. “लोकांची हजार डिझाइनं सांभाळली रे, आणि बापाचं एक पान नाही सांभाळता आलं.”

विक्रांतचं हसू मावळलं. त्याने डब्यातली चिंधी उलगडली. पान तिच्यावर जसंच्या तसं होतं, धागाही विटला नव्हता. त्याने ती स्कॅन केली. “मावशी, आधा ही बनाता हूँ. बाकीचं कॉम्प्युटर उलटवून देईल.”

“नको,” माया डोळे पुसत म्हणाली. “डावीकडची तिसरी शीर आखूड आहे. बाबांनी काढलीय तशीच काढ.”

काम झालं, पण कारखान्यातल्या बाकीच्या फ्लॉप्या आधीच भंगारात गेल्या होत्या आणि नवी अख्ख्या बाजारात मिळेना. मायाने जुनीच पुढे केली. “हिचं पोट रिकामं झालंय, जीव नाही गेलेला.” विक्रांतने ती फॉरमॅट केली. डिझाइन तिच्यात बसलं. संध्याकाळी जुन्या मशीनने एकदा मनसोक्त खरखर केली आणि पदरावर पिंपळपान उमटलं, आखूड शिरेसकट. माया त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

शनिवारी मशीन टेम्पोत चढलं. विक्रांत म्हणाला, “मावशी, पान पेन ड्राइव्हवर घेऊन देतो. ती फ्लॉपी टाका आता, कशाला उपयोगाची?”

“घेऊन दे की,” माया म्हणाली आणि फ्लॉपी पुन्हा चिंधीत गुंडाळू लागली. “पान मावेल रे त्यात. बाबांचं अक्षर नाही मावायचं.”