सशाचा गर्भ आणि मुलग्याचं औषध

किळस मला सशांची कधीच आली नाही. पेणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी प्रबंधासाठी सशाच्या गर्भात वृषण कसं घडतं ते बघत होते. कापलेल्या गाभण मादीच्या पोटातून इवलेसे गर्भ काढायचे, मेणात बसवायचे, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. फॉर्मॅलिनचा वास बोटांना चिकटून एसटीतून रोह्यापर्यंत यायचा. शेजारच्या बायका नाकाला पदर लावायच्या. लावोत बापड्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला नुकतेच दिवस गेले होते. रोह्यालगतच्या अष्टमी गावातल्या सासरी बिरड्याचे वाल सोलताना सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या त्या सशांत नर कधी कळतो गो?"

माझ्या कामाबद्दल त्या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी खुलले. म्हटलं, "आधी नर-मादी सारखेच दिसतात. दोन बारीक उंचवटे असतात नुसते. मग नराच्या उंचवट्यात नळ्या तयार होतात, त्याचं वृषण होतं. पिल्लू जन्मलं तरी वृषण त्याच्या पोटातच असतं, खाली उतरतं फार उशिरा."

"म्हंजे आधी काय ठरलेला नसतं!"

"ठरलेलं असतं हो आई, अगदी बीजापासून. फक्त दिसत नाही."

पण हे ऐकायला त्यांचे कान जाग्यावर नव्हते. त्याच आठवड्यात खांब गावाला जाऊन तिथल्या एका वैदूकडून मुलग्याचं औषध घेऊन आल्या. काळपट, तेलकट पूड. गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. वर म्हणाल्या, "सशाच्या नराचा तो गोळा मिळाला तर औषधाला जोर येईल, वैदू बोलला. तुझ्याकडं हाय ना?"

वृषणच मागत होत्या त्या. मला शिसारी आली. मी साफ नाही म्हटलं. माझ्या पोटात नेमके तेव्हाच सगळे अवयव घडत होते, आणि बाहेरची भलतीसलती पूड त्यात काय नासधूस करील ते मला ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो केमिकल कंपनीत केमिस्ट.

तरी निडी गावच्या ससेवाल्याकडून तो गोळा आणला त्यानंच. शिफ्टवरून येताना, डब्यात घालून.

संध्याकाळी त्यानंच पेला माझ्या तोंडाशी धरला. दुधावर तपकिरी साय आणि तीत कुटलेल्या मांसाचे तंतू. "अगं, यानं काही होत नाही, मला कळतं," तो म्हणाला. "पण आईच्या समाधानासाठी एक घोट घे." शिकल्यासवरल्या माणसाचं ते गोड हसू मला त्या सायीहून घाण वाटलं. पेला ओठांना लागला मात्र, मी भडाभडा ओकले, त्याच्या शर्टावरच.

सासूबाई फडकं घेऊन आल्या. लादी पुसता पुसता म्हणाल्या, "थोडा तरी पोटात गेला ना गो?"

नवऱ्यानं शर्ट झटकला. "पूड उरलीय आई. दूध तापव परत."

मी तोंड धुवायलाही थांबले नाही. मिळेल त्या एसटीनं पेणला माहेरी गेले. माझी लेक तिथंच जन्मली, धडधाकट.