सीटा काढलेली टॅक्सी

कुंभिवलीच्या फाट्यावर मी रोज मोहोपाड्याच्या एसटीची वाट बघायचो. समोरच्या गॅरेजात एक माणूस भंगारातली टॅक्सी खोलत बसलेला असे. आधी मागची सीट गेली, मग काचा, शेवटी हॉर्नसुद्धा. काढलेली वस्तू तो हातात धरून तिचं वजन जोखायचा आणि खूश व्हायचा. गाडी दुरुस्त करतोय की मोडतोय, मला कळेना. भातकापणी झाल्यावर तर त्यानं कहरच केला. गॅरेजामागच्या आपल्याच शेताचे बांध फोडले, खाचरांतून गोल रस्ता काढला आणि त्यावर टॅक्सी पळवायला लागला. बांध फुटला की खाचरात पाणी साठत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक!

न राहवून मी विचारलं, "अहो, ही गाडी जाणार तरी कुठं?"

"कुठंच नाय, साहेब. निघाली तिथंच परत यायची. फक्त हलकी होऊन, कालच्यापेक्षा लवकर."

"मग उपयोग काय?"

पान्यानं पाठ खाजवत त्यानं गोंधळून विचारलं, "तुमी रोज जाता नि इथंच येऊन उतरता ना?"

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

मोहोपाडा म्हणायला मला त्या दिवशी जरा वेळच लागला.