भाऊजीची गाठ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. माहेरी नाही, पोरीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या विषयाला मी हळूच वळसा घालून जाते — त्याला ठाऊक असेलच, उगाच कशाला आठवण करून द्या? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या नंदनवन कॉलनीत राहत नाही. राहत असाल, तर कृपा करून पान उलटा आणि दुसरं काही वाचा.

गोष्ट दोऱ्याची आहे. हातात बांधायच्या दोऱ्याची. हसलात ना? मलाही आधी हसूच यायचं.

आम्ही आठ बाया रोज सकाळी बागेत फिरतो. फिरणं पाव तास, बाकावर बसणं तासभर. शोभाताई आमच्या म्होरक्या. त्यांच्या नातीच्या हातात एका ऑगस्टमध्ये मनगटापासून कोपरापर्यंत मैत्रीचे बँड आले, आणि ताईंच्या डोक्यात किडा वळवळला. "पोरींनीच काहून बांधावं वं? आपण काय मैत्रिणी नाही?" ठरलं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी एकमेकींना बँड बांधायचे, मग तर्रीपोहे खायचे. अट एकच — बाजारातला चालणार नाही, हातानं विणलेला पाहिजे. कुणालाच येत नव्हतं. आणि नेमकं माझं तोंड उघडलं.

"माझ्या सासरी माग होता," मी म्हणाले. इथपर्यंत खरं होतं. इथंच थांबायला काय झालं होतं? पण नाही. "सासऱ्यांनी मला सगळं शिकवलंय."

मी कुहीकडची, शेतकऱ्याची लेक. बांधीत उतरवा, संध्याकाळपर्यंत वाकून धान रोवून देईन. पण विणणं? लग्न झाल्यावर हौसेनं एकदा मागावर बसले होते. अर्ध्या तासात इतके धागे तोडले, की सासरे जवळ येऊन फार मायेनं म्हणाले, "राहू दे बाई. तू भात चांगला करते." माझं विणकामाचं शिक्षण ते एवढंच. शिकवलं होतं त्यांनी मुलाला. म्हणजे आमच्या यांना. यांनी पोरवयापासून माग चालवला. पुढे माग बंद झाला, आणि हे एका कचेरीत कारकून म्हणून लागले. तिथं यांनी नाडी बांधलेली फाईल उघडायला साहेबांना कात्री मागवावी लागे म्हणतात. विणकराची गाठ ती. धागा तुटला की कापडात दिसणार नाही इतकी बारीक मारायची, आणि ती सुटता कामा नये. सुटली, तर माणसाचं नाव जातं.

तर, पहिल्या वर्षी गांधीबागेच्या बाजारातून रंगीत दोरे आणले आणि बसले. दोन संध्याकाळी खपून जे तयार झालं, ते उंदरानं कुरतडलेल्या सुतळीसारखं होतं. हे पेपराच्या वरून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डुलकी काढून उठले, तर हे पलंगावर पाय पसरून बसलेले — दोऱ्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, दुसरं हातात, आणि मधे निळ्या-पिवळ्या रंगाचा बोटभर रुंद बँड. कडेला करवतीची किनार! साडीला असते तशीच, दातेरी. मनगटावरच्या दोऱ्याला करवतीची किनार कुणी काढतं का? यांनी काढली होती. बाजूला यांची जुनी डबी उघडी. डबीत उदबत्तीची गाळलेली राख. दोन धागे जोडताना बोटाला चिमूटभर राख लावली की धागा सरकत नाही, ही मागावरची रीत. माग गेला, पण डबी यांच्या खिशातच राहिली.

सात बँड झाले. रविवारी बाया बघतच राहिल्या. रेखाताई — आमच्यातल्या निवृत्त नर्स, कधी कुणाचं फुकट कौतुक न करणाऱ्या — त्यासुद्धा म्हणाल्या, "सासऱ्याचं नाव राखलं वं तू." माझे डोळे भरून आले. खरंच आले. स्वतःच्या नसलेल्या कलेनं मी स्वतःच गहिवरले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी. फळ्याच्या कोपऱ्यात 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार कितीदा लिहिला असेन! अक्षर मात्र चांगलं होतं माझं.

यांनीच मला 'सांगू नको' म्हटलं होतं, असं आता लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटणार नाही. बायांचं काम करताना लाजले असतील, असं तुम्हीच समजून घ्याल. पण यांनी तसं कधी म्हटलं नाही. मीच सांगितलं नाही. दरवर्षी जुलैत दाराची बेल वाजली, की मी यांना आतल्या खोलीत पिटाळायची, आणि हे अंगठ्याला सात धागे बांधलेल्या अवस्थेत, एका पायावर उड्या मारत, बिचारे आत जायचे. एकदा दूधवाला म्हणाला, "काकांच्या पायाले काय झालं जी?" मी म्हटलं, "वात." मग त्यानं तेल आणून दिलं. ते तेलही मी यांना लावायला लावलं.

पण मला कबूल करायचंय ते हे नाही. दुसऱ्याच्या कामावर मिरवणं — ते तर निम्मं जग करतं. तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता. माझं त्याहून वाईट आहे.

तिसऱ्या वर्षी यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या आधी घाईघाईनं यांनी सहा बँड केले, सातवा राहिला. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं. मी यांना म्हटलं, "सातवा बाजारातून आणते, तुम्ही पडा." आणि आणला असता तर बरं झालं असतं! पण दोन वर्षं कौतुक ऐकून माझं मलाच वाटायला लागलं होतं, की जमेल की. यांना न सांगता मी सातवा केला. हिरवा. आणि दिला रेखाताईंना. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना तो त्यांच्या हातातून सुटला, आणि थोडा रेखाताईंच्या यजमानांच्या पोळीत निघाला. त्यांना वाटलं मेथी आहे. निम्मा त्यांनी चावला.

सकाळी बाकावर खटला उभा राहिला. शोभाताई म्हणाल्या, "काहून वं, तुह्या हातची गाठ सुटली कशी?" सात चेहरे माझ्याकडे. आणि मी — क्षणभरही न अडखळता, तुम्हाला सांगते, जीभ अशी भात्यातून बाण निघावा तशी निघाली — म्हणाले, "अवं, तो एक यांनी केला. हौस फार! मी नको म्हणत होते."

झालं. काय हसल्या सगळ्या! त्या दिवसापासून 'भाऊजीची गाठ' ही आमच्यात म्हणच पडली. कुणाच्या डब्यातून वरण सांडलं — भाऊजीची गाठ. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी कुणीतरी हळूच म्हणायचं, भाऊजीची गाठ होती वाटते. मीसुद्धा म्हणायची. सगळ्यांच्या आधी म्हणायची.

आणि एक दिवस ते यांच्या कानावर गेलं. शोभाताई घरी आल्या होत्या, यांच्या हातातली भाजीची पिशवी फाटून टमाटे घरंगळले, आणि ताई म्हणाल्याच. हे हसले. टमाटे गोळा केले. ताई गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला म्हणाले, "माही गाठ सुटली म्हणून राहिल्या त्या. कोणती वं? कधी?"

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बाया काहीही बोलतात," आणि दूध उतू चाललंय म्हणून गॅसकडे वळले. गॅसवर दूध नव्हतं.

त्यानंतर मी जे बघितलं ते मला विसरता येत नाही. हे प्रत्येक गाठ ओढून बघायला लागले. एकदा, दोनदा, मग उजेडाकडे धरून पुन्हा. एकेक बँडला दोन-दोन दिवस लागायचे. आपला हात गेला, असं यांच्या मनानं घेतलं. एकदा मला म्हणालेही, "डोळ्याचा दोष असन. आंधी असं नव्हतं होत." सासऱ्यांच्या फोटोकडे बघायचं टाळायचे. आणि मी? मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. "ती माझी होती." तीन शब्द! मराठीच्या मास्तरणीला तीन शब्द जमले नाहीत. तीन वर्षं.

यंदा शोभाताईंनी कहर केला. रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी बाकीच्या सहाही जणींना घेऊन घरी आल्या. "भाऊजी, आज तुमाले शिकवल्याशिवाय जात नाही. ही शिकवन, आमी पाह्यतो." मी शिकवणार. यांना.

हे सतरंजीवर बसले. मी समोर. सात बाया गोल करून. मी दोरे हातात घेतले, आणि देवाशपथ, कोणता कुठून न्यायचा तेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हणत गेले, "हा असा वरून... मग हा तसा..." आणि हे माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होते, पहिलीतल्या पोरासारखे. पण हात कुठं ऐकतात? बोटांनी आपोआप एक गाठ मारली — डोळ्याचं पातं लवायच्या आत, बारीक, सुरेख — आणि दुसरा हात सवयीनं खिशात गेला. डबी बाहेर आली.

"भाऊजी, हे काय जी? खर्रा?" शोभाताई ओरडल्या.

आता इथं तरी? इथं तरी बोलायचं ना मी? मी कपाळावर हात मारून म्हणाले, "काय सांगू, सुटतच नाही यांचं!" ज्या माणसानं जन्मात तंबाखू काय, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला मग रेखाताईंनी तोंडाच्या कर्करोगावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. यांनी सगळं ऐकलं. जबडा उघडून दाखवा म्हणाल्या, तर उघडून दाखवला. आणि मांडीवर डबी झाकून ठेवली.

मग रेखाताईंनाच वाईट वाटलं असावं. पर्स उघडून त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, राग नका मानू. तुमची आठवण म्हणून मी हा जपून ठेवला, पाहा." आणि एक हिरवं लक्तर यांच्या तळहातावर ठेवलं.

यांनी चष्मा सारखा केला. ते लक्तर उलटवलं, एक दोरा नखानं उचलून बघितला. विणकराला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. आणि माझा हात तर यांनी लग्न झालं तेव्हाच मागावर पाहिला होता. मान वर करून यांनी माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीकडे बघत होते.

"हो जी," हे म्हणाले. "माहाच हाय."

आणि मग यांनी मघाशी मारलेली ती सुरेख गाठ सगळ्यांसमोर सोडवली. सावकाश. आणि सगळा बँड वाकडा विणला — सैल, फेंगडा, हुबेहूब माझ्यासारखा. त्यालाही कसब लागतं, आत्ता कळतंय. बाया हसून लोळल्या. शोभाताईंनी फर्मान काढलं, की तो बँड यांनी माझ्याच हातात बांधायचा. यांनी बांधला. बाया तेवढ्यात पोह्यांच्या हिशोबाला लागल्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. राखेचा खरखरीत स्पर्श माझ्या मनगटाला जाणवला.

संध्याकाळी हे दोन पोळ्या जास्त जेवले. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता विचारतील. यांनी सासऱ्यांच्या फोटोची काच पुसली, आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत बसले. माझ्या लबाडीचं यांना काही नव्हतंच. यांची गाठ सुटली नव्हती, एवढंच यांना पुरलं. मला रागवले असते, तर मी चार अश्रू काढून मोकळी झाले असते. तेवढीही सोय ठेवली नाही.

तो वाकडा बँड अजून माझ्या हातात आहे. भांडी झाली, धुणी झाली, कणकेचे किती गोळे झाले. रंग उडाला, वीण विसविशीत झाली, पण जागचा हलत नाही. बागेत सगळ्या रोज बघतात, आज पडतो का उद्या. काल शोभाताईंनी माझं मनगट धरून उलटसुलट केलं आणि विचारलं, "काहून वं, भाऊजीची गाठ अजून कशी नाही सुटली?"

मी म्हणाले, "सुटते ना. मीच रोज नव्यानं बांधते."