नवाबाच्या कोटाचं अस्तर

कापड नुसतं बोटानं ओळखनारा साऱ्या अकोल्यात मीच एक होतो. म्हणून तं जुन्या कपड्याच्या बाजारातून म्या नकली रेशमाचा लांब कोट नवाबाच्या काळातला म्हणून उचलला, अन् तोबी सोताच्या लग्नासाठी.

कंबरेत ढिला होता म्हणून टेलरकडे नेला. त्यानं काठाचा एक धागा ओढून काडी लावली. "खरं रेशीम जळलं का केस जळल्यावानी वास येते. हे तं कागदावानी जळून राह्यलं." मंग अस्तर उसवून आतून मिलचा शिक्का दाखवला. "कोट कोराच हाय, जुना दिसावा म्हणून मळवला. इथं मीटर लिहेल हाय. मीटर आत्ता आत्ता आले. नवाब का मीटरनं कापड मोजे?"

मले वाचता येत नाही, पण ऐकू येते. "चूपचाप शिव," म्हटलं. अन् मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात जाऊन साऱ्यायले सांगतलंच का कोट नवाबाचा हाय. बापालेबी. पैसे मोजून घेतला म्हटल्यावर थो म्हणे, "मंग चालते."

बौद्ध झाल्यापासून बापानं दोन गोष्टी सोडल्या होत्या, मांगच्या गल्लीनं जाणं अन् दुसऱ्याची उतरन अंगावर घालणं. म्हणून वरात मोठ्या रस्त्यानंच निघाली. म्हातारे पाटील दारात उभे. त्यायनं माई बाही चिमटीत धरली.

"हा तं माया बापाचा कोट. जुनं रेशीम हाय. आमची उतरन घालून मिरवून राह्यला काय रे?"

वाजा थांबला. बाप मायाकडे पाहे. कोट जुना हाय हे त्यानं मायाच तोंडून ऐकलं होतं. "कुठून आणला?" एवढंच म्हणे.

म्या रस्त्यातच अस्तर टरकावलं अन् शिक्का पाटलाच्या नाकापुढं धरला. "तुमी शिकेल हा, पाटील. वाचा मोठ्यानं."

चष्मा लावून त्यायनं वाचलं, अन् मंग हळूच म्हणे, "मीटर."

"तुमच्या बापाच्या वक्ती कापड वारानं मोजत. हे जुनं नाही, रेशीमबी नाही. नवाबाचं म्या फेकलं होतं. पण कोट माया कमाईचा हाय. याले उतरन म्हणाचं नाही."

मांगं लोक पोट धरून हासून राह्यले होते. बाप म्हणे, "वाजवा रे."

पुढच्या गावी मांडवात आमच्याआधी बातमी पोचली. अस्तर मांगून लोंबत होतं. नवरीनं एकदा खालपासून वरपर्यंत पाह्यलं.

"पैलेच नवा म्हटलं असतं तं हे शेपूट नसतं लोंबलं," थे म्हणे. "आता तोंड मिटा, अन् शेपूट धरून उभे राहा."